विहिरीपर्यंतचा पल्ला

नलू भित्री होती आणि हे तिनं कधी लपवलंही नाही. पाल अंगावर पडली की अख्खी गल्ली गोळा व्हायची. वीज कडाडली की बाई उशीखाली डोकं घालून बसायची. आणि अशा बाईच्या वाट्याला वावर कसलं यावं? देवळी गावाच्या अलीकडचं, एका बाजूला पडलेलं. पुढं पांदणीच्या रस्त्याला लागून कपाशी, मधे डोक्याच्या वर गेलेली तूर, आणि पार मागं नाल्याच्या काठाला विहीर. तिच्याभोवती वांगी, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. मागं उभं राहिलं की तुरीपलीकडचा रस्ता दिसत नाही आणि रस्त्यावरच्याला तुम्ही दिसत नाही. तिथं ही दिवसभर एकटी.

तिला सगळ्यात धाक होता तो रानडुकरांचा. तो काही उगाच नव्हता. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या वावरात शोभाबाईची मांडी डुकरानं फाडली होती. किंचाळी ऐकून सगळ्यांत आधी पोचली ती हीच, आपली भित्री नलू. साडीचा पदर फाडून तिनं मांडी आवळून बांधली, तरी रक्त काही थांबेना. शोभाबाई वाचली. पण अजून काठी धरून चालते आणि वावराचं नाव काढलं तरी तिला घाम फुटतो. नलूला मात्र दुसऱ्याच दिवशी त्याच बांधावरून जावं लागलं, कारण मेथी काही कोणासाठी थांबत नाही.

तिचे यजमान बबनराव कापसाच्या हंगामात देवळीच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असायचे. त्यांच्याकडं एक जुनी कार होती, मागची सीट काढून भाजीच्या जुड्या भरायला केलेली. सकाळी ते नलूला घेऊन यायचे, गाडी पांदणीला उभी करायचे आणि नाल्याच्या पुलावर जाऊन एसटी धरायचे. गाडी दिवसभर तिथंच. आत वावरात काळी माती, चाकं रुतली तर बैलजोडीच लावावी लागायची.

या गाडीला आधीच्या कोण्या हौशी मालकानं सायरन बसवून ठेवला होता. किल्लीच्या रिमोटचं लाल बटण दाबलं की गाडी अशी बोंबलायची, की झोपलेलं गाव उठावं. एकदा खिशातून किल्ली काढताना बबनरावांचा अंगठा त्या बटणावर पडला, आणि कपाशीत घुसलेला डुकरांचा कळप शेपट्या वर करून जो सुटला, तो नाल्यापार.

"अवं, पाह्यलं का!" बबनराव हरखून गेले. दोनातली एक किल्ली त्यांनी काळ्या दोऱ्यात ओवून नलूच्या गळ्यात घातली. "डुक्कर दिसलं का दाब."

"आन् नाई वाजलं त?"

"वाजते वं. काऊन नाई वाजणार?"

नाही वाजलं. विहिरीजवळून नलूनं अंगठा पांढरा पडेस्तोवर दाबलं, गाडी ढिम्म. तुरीच्या अर्ध्यात आल्यावर कुठं ती ओरडली. म्हणजे डुक्कर विहिरीवर आलं, तर बाईनं आधी तूर तुडवत अर्ध्या वावरात पळायचं आणि मग बटण दाबायचं! गल्लीतल्या बाया हसल्या. म्हणाल्या, नलूनं गळ्यात गाडी बांधली, पण ती मुकी निघाली. नलूही हसली, पण त्या रात्री तिला झोप लागली नाही.

बबनराव मात्र इरेला पेटले. घड्याळाच्या दुकानातून रिमोटमध्ये नवा सेल टाकून आणला. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग नलूला घेऊन देवळीच्या सचिन मेकॅनिककडं गाडी नेली. स्टिअरिंगच्या खाली एक बारीक काळी वायर गुंडाळून कोंबलेली होती. सिग्नल पकडायची वायर तीच. सचिननं ती मोकळी केली, सरळ केली आणि समोरच्या काचेच्या कडेनं वर टपापर्यंत चढवली. नलूला म्हणाला, "काकू, रिमोट हनुवटीखाली टेकवून दाबजा. काऊन ते मले बी मालूम नाई, पन दूर जाते बराबर."

पुढचा सुटीचा दिवस अख्खा यातच गेला. बबनराव गाडीशी, नलू हनुवटीला किल्ली लावून मागं मागं सरकतेय. "आनखी मांगं जाय!" ते ओरडत. ती सरकायची, दाबायची, गाडी कोकलायची. तूर संपली. वांगी लागली. विहिरीच्या काठावर उभं राहून तिनं डोळे मिटले आणि दाबलं. तुरीच्या पलीकडून सायरन असा खणखणीत आला की ती मटकन खाली बसली आणि पोरीसारखी रडली.

पंधरवडा बरा गेला. डुकरं यायची ती नाल्याकडून. नलू बटण दाबायची, समोरून आवाज आला की डुकरं आल्या वाटेनं परत जायची.

आणि मग तो दिवस आला. पौषातलं ऊन, चार वाजून गेले असतील. नलू खाली बसून सांभार कापत होती. जुड्यांचा ढीग आणि मोबाइलची पिशवी वांग्यांच्या पलीकडं, तुरीच्या कडेला. पाठीमागं विहीर, कठडा नसलेली. तुरीत काहीतरी फुरफुरलं.

तिनं मान वर केली. पिशवीच्या बाजूलाच तुरीतून डुकरीण बाहेर आली होती. काळीभोर, पाठीवरचे केस ताठ उभे. तिच्या पायांत पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. दिवसभर तुरीत पडून असणार, नलूला पत्ता नाही. पिल्लांची आई म्हणजे काय चीज असते, ते गावात कोणाला सांगायला नको.

नलू हळूच उठून उभी राहिली. हात आपोआप गळ्याशी गेला, किल्ली हनुवटीला टेकली, अंगठा लाल बटणावर आला.

आणि तिथंच थांबला. कारण गाडी होती तिकडं, रस्त्यावर. डुकरीण मधे. आणि ही इकडं, विहिरीच्या काठाला. सायरन वाजला की जनावर आवाजापासून पळणार. पळणार म्हणजे कुठं? थेट हिच्या अंगावर!

अरे देवा! एवढी खटपट केली, सेल काय, वायर काय, हनुवटी काय, आणि हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही! तिनं अंगठा असा उचलला, जसा तव्यावरून उचलावा. ओरडायचीही सोय नव्हती. जन्मभर पालीला बघून किंचाळलेली बाई, आता दात ओठांवर रोवून उभी. मागं सरकावं तर विहीर.

डुकरिणीनं कान टवकारले, पण जागची हलली नाही. थोडा वेळ गेला तर निघूनही जाईल, असं नलूला वाटलं. आणि तेवढ्यात दुसरी गोष्ट आठवून तिला धडकीच भरली. दुसरी किल्ली! पल्ला वाढल्यापासून बबनरावांना नवाच नाद लागला होता. संध्याकाळी एसटीतून उतरले की पुलावरूनच, हनुवटीला रिमोट लावून, सायरन वाजवायचे. मी आलो, हे बायकोला कळावं म्हणून. आणि एसटी यायची वेळ तर झालीच होती.

नको हो, तिनं मनातल्या मनात हात जोडले, आज नका दाबू. आज खिशात हातच नका घालू.

सरळ रेषेतून बाजूला व्हावं, एवढंच तिच्या हाती होतं. तिनं एक पाय उचलून शेजारच्या सरीत ठेवला. मग दुसरा. डुकरीण खुरानं माती उकरायला लागली. आणखी एक सरी. पुलाकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला. आणखी एक.

सायरन वाजला.

डुकरीण उसळली आणि आलीच. नलूनं स्वतःला वांग्यांत झोकून दिलं. काटे तोंडात गेले, माती डोळ्यांत गेली. धपधप आवाज कानाजवळून गेला, पदराला हिसका बसला, टर्रकन फाटला, आणि एक पिल्लू तिच्या पोटऱ्यांवरून तुरुतुरु पळत गेलं. मग नाल्यात झुडपं मोडल्याचा आवाज. मग नुसता सायरन.

किती वेळ ती तशीच पडून राहिली, कोण जाणे. बबनराव तुरीतून आले ते हातात किल्ली नाचवतच. "नलू, पुलावून दाबलं वं! ऐकू आलं ना?"

मग त्यांना मोडलेली वांगी दिसली. खुरांचे ठसे दिसले. चिखलात तुडवलेला पदराचा तुकडा दिसला, आणि त्याच्या वीतभर पलीकडं नलू.

"पिल्लावाली होती," नलू उठून बसत म्हणाली. "मंधात होती. म्हनून मी दाबलं नाई."

बबनराव सायरन बंद करायला गेले, पण किल्ली हातातून पडली. ते तिथंच सरीत बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं. "मी पुलावर हासत होतो वं," ते म्हणाले. "तू दचकशील म्हनून हासत होतो."

गाडी तिकडं कोकलतच होती. नलूनं आपल्या गळ्यातल्या किल्लीनं ती बंद केली. मग मातीनं भरलेला हात नवऱ्याच्या पाठीवर ठेवला.

"मले एकटीले इथं भेव लागते," ती म्हणाली. "दिवसभर लागते. तुमी माह्यासंगं रायजा."

"अवं, मंग हे आधी काऊन नाई म्हटलं?"

नलूनं पदराच्या फाटक्या टोकानं त्यांचं तोंड पुसलं.

"तुमी एवढ्या हौसेनं बटण देलं," ती म्हणाली. "मंग वरून तुमाले मांगू तरी कसं?"