ठमाबाईच्या गोधडीची पट्टी

भिवंडीत कामतघरच्या आमच्या चाळीत ठमाबाईचा राग सगळ्यांना ठाऊक होता, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडायचा. लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून ती पोट भरायची. कडेच्या पट्टीवरून मात्र ती कुणाचं ऐकत नसे. चार बोटं रुंद, म्हणजे चारच. गोधडी जाड, पट्टी अरुंद झाली तर ती खालच्या थरापर्यंत नीट पोचत नाही आणि धुताना दगडावर आपटली की उसवते. कापड वाचवायला कुणी दोन बोटं म्हटलं, की ती गठुडं त्याच्याकडे परत सरकवायची. "बाजारातनं चादर आणा," म्हणायची.

चौऱ्याहत्तर साली तिची लेक कमळा जवळच्याच पूर्णा गावात, सासरीच बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सासू सीताबाईने पाठवलं नाही. चाळीतली खोली तिच्या नजरेत भरली नाही. ठमाबाईने बारशाला नातीसाठी आंगडी-टोपडी नेली आणि लेकीसाठी एक गोधडी. तिची पट्टी स्वतःच्या लग्नातल्या तांबड्या लुगड्याची होती.

पुढे दोनेक महिन्यांनी जावई रामनाथ तीच गोधडी घेऊन दारात उभा राहिला. "आई म्हणते, शिलाई कच्ची हाय. पहिल्याच धुण्यात कड सुटली."

साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं तो बोलला. ठमाबाईने गोधडी पसरली. तांबडी पट्टी नव्हतीच. तिच्या जागी दोन बोटांच्या पांढऱ्या चिंध्या जोडलेल्या, त्याही ठिकठिकाणी सुटलेल्या. टाका कमळाचा होता. तो तिनेच लेकीला शिकवला होता. ठमाबाई इतकी भडकली, की जावयाला पाणीसुद्धा विचारलं नाही. पायांत चपला सरकवल्या आणि निघाली. मी मागोमाग गेले, नाहीतर तिने लेकीवर हात उचलला असता.

कमळा पडवीत बाळाला घेऊन बसली होती.

"माझी पट्टी कुठं हाय?" ठमाबाईने उभ्याउभ्याच विचारलं. "लहानपणापासून शिकवलं तुला. दोन बोटं टिकत न्हाय, म्हाईत नव्हतं?"

"म्हाईत व्हतं, आये."

"मंग?"

कमळाने बाळ पुढे केलं. पोरीच्या अंगात तांबडं आंगडं होतं, चार-चार बोटांच्या पट्ट्या एकमेकींना जोडून शिवलेलं. बारशाची सगळी आंगडी सीताबाईने आपल्या लेकीच्या मुलाला देऊन टाकली होती. मुलीला काय करायची, म्हणे. माझं डोकंच फिरलं. भिवंडीत रात्रंदिवस कापडाचे लूम धडधडतात, आणि शेतीवाडी असलेल्या या घरात तान्ह्या पोरीला हातभर कापड मिळू नये?

ठमाबाई घर डोक्यावर घेईल असं मला वाटलं. पण तिने आंगड्याच्या शिवणीवरून एकदा बोट फिरवलं.

"चल," एवढंच ती लेकीला म्हणाली.

सीताबाई ओट्यावर आली. "विहीणबाई, गाव बघतंय. निदान पोरीला झाकून तरी न्या."

कमळाने घाबरून बाळावर पदर ओढला. ठमाबाईने तो बाजूला केला.

"दिसू दे," ती म्हणाली, आणि लेकीला घेऊन गावाच्या मधल्या रस्त्याने चालू लागली.