पाच दिवसांच्या आत

कपड्यांच्या कारखान्यात कापायच्या टेबलावर ती एकटीच बाई. कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणतात. कापडाचे साठ थर एकावर एक रचायचे आणि खडूच्या रेघेवरून विजेचं पातं न्यायचं. तिचा हात सुतभरही हलत नाही.

तिला आकडीचा आजार आहे. रोज दोन वेळा गोळी घेते, म्हणून सहा वर्षांत आकडी आलेली नाही. हे घरी माहीत आहे आणि मला, शाळेपासूनची मैत्रीण म्हणून. कारखान्यात कुणालाच नाही. कळलं तर तिला पात्यापुढे कोण उभं करील?

रविवारी रात्री कंडोम फाटला. मूल तिला हवं आहे, नवऱ्यालाही. पण आकडीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "आधी औषध बदलू. या औषधावर दिवस राहिले तर बाळात दोष राहण्याचा धोका वाढतो. मी सांगेपर्यंत थांबा."

सोमवारी सकाळी ती औषधांच्या दुकानात गेली. तातडीची गोळी मागितली.

"कधीची गोष्ट?" दुकानदाराने हळूच विचारलं.

"काल रात्रीची."

"लवकर आलात ते बरं. तीन दिवसांच्या आत घेतात, पण उशीर होईल तसा गुण कमी. दुसरं काही औषध चालू आहे? टीबीचं, आकडीचं?"

मागे रांगेत कारखान्यातली काजं करणारी मावशी उभी होती. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"नाही," मास्तरीण म्हणाली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मावशीने तिला गाठलंच. "अगं बाई, ती गोळी घेतलीस? कूस वाळते त्याने! माझ्या जावेच्या भाचीला विचार."

"तुमच्या जावेला भाच्या तरी किती, मावशी?"

डबा खाणाऱ्या सगळ्या हसल्या. तीही हसली. पण तिने ते मनात धरलं. गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे आली.

"कूस वाळते का गं? तू एवढी शिकलीस."

"मी कविता शिकले."

"मग हे वाच." तिने गोळीच्या खोक्यातला कागद पुढे केला.

बारीक अक्षरं. मी मोठ्याने वाचत गेले. गोळी बीज बाहेर पडणं लांबवते. बीज आधीच पडलेलं असेल तर उपयोग होत नाही. पाळी आठवडाभर मागेपुढे होऊ शकते. पुढे मूल होण्यावर परिणाम नाही.

"सुटले बाई," ती म्हणाली.

पुढची ओळ मी मनातच वाचली. आकडीच्या काही औषधांनी गोळीचा परिणाम कमी होतो. खाली नावं होती. तिसरं तिच्या औषधाचं.

"का थांबलीस?"

मी कागद तिच्या हातात दिला. तिने वाचला. पुन्हा वाचला. मग खाली जमिनीवरच बसली.

शुक्रवारी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही दारात होतो. बायकांच्या डॉक्टर वयस्क होत्या. मास्तरणीने सगळं खरं सांगितलं.

"तुझं औषध त्या गोळीला शरीरात टिकू देत नाही," त्या म्हणाल्या. "पण अजून पाच दिवस झालेले नाहीत. तांबी बसवू. आकडीच्या औषधाचा तिच्यावर परिणाम नाही. तातडीच्या उपायांत हीच सगळ्यात भरवशाची."

"आणि नंतर मूल?"

"तांबी काढली की होईल."

"गोळीने कूस वाळली असेल तर?"

"एका गोळीने कूस वाळत असती, तर माझ्याकडे एवढी रांग कशाला लागली असती?" मग त्या गंभीर झाल्या. "तरी शंभर टक्के मी कशालाच म्हणत नाही. तीन आठवड्यांनी तपासायचं. मध्येच पोटात फार दुखलं तर लगेच यायचं."

तांबी बसवताना तिने माझा हात धरला होता. माझी बोटं बधिर झाली.

पाळीची तारीख आली. गेली. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "नाही," एवढंच म्हणायची. मी "गोळीमुळे लांबली असेल" म्हणायचे. दोघींनाही ते खरं वाटत नसे. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "आज साठ बाह्या वाकड्या कापल्या. एका झटक्यात. मालक ओरडला. मला ऐकूच आलं नाही."

तीन आठवडे झाले त्या सकाळी ती तपासायची पट्टी घेऊन माझ्या घरी आली. न्हाणीघराचं दार उघडंच ठेवलं. "आत ये," म्हणाली. आम्ही दोघी उकिडव्या बसलो. पट्टी फरशीवर. पाच मिनिटं.

एक रेघ आली. दुसरी आली तर दिवस राहिलेले. वाट पाहिली. आली नाही.

"एकच ना? नीट बघ."

"एकच."

मला वाटलं ती हसेल. तिने भिंतीला डोकं टेकलं.

"मला मूल हवंय गं," ती म्हणाली. "आणि तीन आठवडे मी ते नसू दे, नसू दे म्हणत होते."

मग ती रडू लागली. मी टपकणारा नळ बंद केला आणि तिच्या नवऱ्याला फोन लावून तिच्या हातात दिला.