कुंभारणीचं रिकामं घर

कॉलेजच्या झूलॉजी लॅबमध्ये आयुष्य काढलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, काचेच्या कपाटावरच्या धुळीसारखे आपोआप साठतात. नव्वद-ब्याण्णवच्या सुमारास मी लॅब असिस्टंट म्हणून लागलो, आणि आमच्या चौगुले सरांचे निम्मे किस्से कुंभारणीचेच! कुंभारीण म्हणजे भिंतीला चिखलाचं घर बांधणारी, बारीक कमरेची माशी. सर तिच्यापायी येडे झालेले.

*

दिवाळीच्या सुट्टीत एका कुंभारणीनं लॅबच्या कुलपाचं भोकच लिंपून टाकलं. शिपाई सदामामा तार घेऊन आले, तर सर आडवे आले! "पिल्लू बाहेर येईपर्यंत कुलपाला हात लावायचा नाही."

तीन आठवडे आम्ही सगळे खिडकीतनं आत-बाहेर. प्रिन्सिपॉल आले, भडकले. मामा शांतपणे म्हणाले, "सायेब, बाळंतीण हाय दारात. खिडकीतनं या की!"

*

ही माशी कोळ्याला डंख मारून लुळा करते, मारत नाही. अळीला ताजं खाणं मिळावं म्हणून. सरांनी घर फोडून असा कोळी मामांच्या तळहातावर ठेवला. त्याचा पाय हलला. "आयला, जित्तं हाय की ह्ये!" त्या दिवशी मामांनी डबा उघडला नाही.

*

सरांचा हुकमी प्रयोग वेगळाच. माशी चिखल आणायला गेली की चिमट्यानं अंडं आणि कोळी काढून घ्यायचे. माशी परत यायची, रिकाम्या घरात डोकावायची, आणि तरीही तोंड नीट लिंपून बंद करायची. पोरं हसायची.

"तिला कळत नाही," सर सांगायचे. "ठरलेलं काम पुरं करते, बस्स!"

मामा वैतागायचे. "सर, तिचं घर मोडू नगासा. पाप लागतंय."

*

सरांना लग्नानंतर बारा वर्षं मूल नव्हतं. त्यांच्या कळंब्याच्या घरात फळीखाली कुंभारणीनं घर केलं, तेव्हा मामा पेढे घेऊनच पोचले. कुंभारीण घरात आली की पाळणा हलतो, असं आमच्याकडं मानतात. वहिनींनी ती फळी झाडायची बंद केली. सर हसले, पण तेवढं एक घर त्यांनी कधी फोडलं नाही.

आणि वहिनींना खरंच दिवस गेले! "मामा, तुमचं सायन्स जिंकलं," असं म्हणत सरांनी अख्ख्या स्टाफला पेढे वाटले.

*

आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मुलगी होती.

पंधरा दिवसांनी मी आणि मामा भेटायला गेलो. वहिनी खिडकीशी बसून पिवळं टोपडं शिवत होत्या. मामांच्या तोंडून निघून गेलं, "वैनीसाब, आता कशाला?"

"थोडंच राहिलंय, मामा. बंद लावले की झालं."

त्यांनी दोन्ही बंद लावले, दोरा दातानं तोडला, टोपडं घडी करून कपाटात ठेवलं. सर दारात उभे राहून बघत होते.

सोमवारी लॅबमध्ये तोच प्रयोग होता. माशी चिखलाला गेली. सरांनी चिमटा उचलला आणि तसाच धरून राहिले.

"सर, काढा की अंडं," पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. "तिला कुठं कळतंय?"

सरांनी चिमटा मामांच्या हातात दिला.

"कळतं गं तिला," ते म्हणाले.