माइकच्या जवळ जाऊ नका

शिरूरला बाजाराला गेले की मी अजून कोर्टाच्या बाजूच्या गल्लीने जाते. वाट जरा लांबची पडते. तिथे बियाण्याच्या दुकानावर आमच्या वकीलसाहेबांची खोली होती. आता तिथे मोबाईल दुरुस्त करणारा बसतो. जिना तोच आहे, लोखंडी, मधली एक पायरी हलणारी. साहेब वर बसल्या बसल्या त्या पायरीच्या आवाजावरून ओळखायचे, नवा माणूस आला की जुना. जुना माणूस ती पायरी सोडून पाय टाकायचा. पुढे पुढे मीही टाकू लागले.

परवा शेजारची सून रडत आली. तिच्या भावाला पोलिसांनी बोलावलं होतं. साहेबांनी आम्हाला सांगितलेलं जे जे आठवलं ते मी तिला सांगितलं. ती गेल्यावर वाटलं, हे लिहून ठेवावं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. पण चारचौघांत बोलण्यापेक्षा लिहायला मला बरं पडतं, कुणी तोंडाकडे बघत नाही.

आमची आणि चुलतदिरांची विहीर एक, मोटरही एक. एका उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं वाजलं. आमच्या ह्यांनी ढकललं, चुलतदीर मोटरच्या ओट्यावर पडले आणि त्यांचा हात मोडला. फिर्यादीत मात्र लोखंडी पाइपने मारलं असं आलं. मी तेव्हा घरी भाकरी करत होते. हे म्हणाले पाइप नव्हता, मी तेच धरून चालले.

ह्यांना धरून नेलं. काही दिवसांनी साहेबांनी जामीन करून आणला. जामिनाला अटी होत्या. केस कोर्टात उभी राहीपर्यंत गावाच्या शिवेत पाऊल टाकायचं नाही. आणि फिर्यादीशी, म्हणजे चुलतदिरांशी, केस संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मोडलं तर जामीन रद्द, परत आत. म्हणून हे माझ्या माहेरी दौंडकडे राहायला गेले आणि कुरकुंभला एका कंपनीत ठेकेदाराकडे लागले. मी गावात गुरं आणि शेत बघत राहिले. आमची भेट व्हायची ती तारखेला, शिरूरला. ह्यांची रात्रपाळी असली तर डोळे लाल असायचे. कोर्टातून सुटलो की आम्ही स्टँडजवळ भेळ खायचो आणि मग हे दौंडच्या गाडीत बसायचे, मी गावाच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांनीच बसून बाहेर खाल्लं ते त्याच वर्षी. लिहायला लाज वाटते, पण मी तारखेची वाट बघायचे.

पहिल्या तारखेला हे लग्नातला सफारी घालून आले होते. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

"कुणाचं लग्न आहे?"

"न्हाई साहेब, कोर्टात यायचं म्हणून..."

"धुतलेला साधा सदरा घाला. आणि कोर्टात विचारलं तेवढंच बोला. हो, नाही, माहीत नाही. माहीत नसलं तर माहीत नाही म्हणायला लाजू नका. वाचून घेतल्याशिवाय कशावर सही करू नका. पोलीस असो, मी असो."

मग त्यांनी विचारलं, "ही हकिकत अजून कुणाला सांगितलीत?"

"कुणालाच न्हाई. खाली कोर्टाच्या चिंचेखाली एक पाव्हणं बसलं व्हतं, तंबाखू खाल्ली, त्यास्नी तेवढं..."

"कुठले पाहुणे?"

ह्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी खाली बघत म्हणाले, "भाऊजींचं साडू हायेत ते."

साहेबांनी पेनच खाली ठेवला. "ताई, मग तुम्ही ह्यांना अडवलं का नाही?"

"अडवलं की. कोपरानं ढोसलं."

"मग?"

"तर म्हणालं, सरकून बस."

साहेब मोठ्याने हसले. हे सफारीची गुंडी चाचपत बसले. हसणं थांबल्यावर साहेब म्हणाले, "ऐका. जे झालं ते मला सांगायचं, सगळं सांगायचं, वाईट असेल ते आधी सांगायचं. पण मला एकट्याला. चिंचेखाली नाही, मेव्हण्याला नाही, फोनवर नाही. आणि ताई, आजपासून ह्यांच्या तोंडाच्या वकील तुम्ही."

लहानपणापासून मला मुकी म्हणून चिडवायचे. सासरीही तेच. त्या मुकेपणाला काम मिळालं ते तिथेच, त्या खोलीत.

सगळ्यात अवघड सल्ला वेगळाच होता. गावातला जो तो सांगायचा, मिटवून घ्या. पाया पडा, नारळ द्या, सख्खे चुलत भाऊ तुम्ही. साहेब म्हणायचे, "मिटवायला कुणाच्या घरी जायचं नाही. आज पाया पडाल, उद्या तेच कोर्टात येईल की आरोपी दबाव टाकायला आला होता. मिटवायचं असेल तर वेळ येईल, तेव्हा जज्जसाहेबांसमोर मिटवू." भावाशी अबोला धरणं ह्यांना तुरुंगापेक्षा जड जात होतं, असं मला वाटायचं.

पावसाळा सरता सरता थोरल्या आई गेल्या. थोरल्या आई म्हणजे चुलतदिरांची आई, माझी चुलतसासू. ह्यांची आई लवकर गेली, तेव्हा थोरल्या आईंनीच ह्यांना पोटच्या पोरासारखं वाढवलं. माझ्या जावेने मला बोलावलं नाही, पण मी गेले, बायकांत मागे बसले. ह्यांना फोन केला तर पलीकडून नुसता रडण्याचा आवाज.

"मी येतुय," हे म्हणाले.

"साहेबांना इचारल्याबिगर न्हाई."

"तिनं मला अंगावर झोपवलंय गं. खांदा द्यायला नको?"

"शिवेवर पाय टाकला तर परत आत नेतील. तिला आवडंल का ते?"

तेवढं लांब वाक्य मी ह्यांच्याशी त्याआधी कधी बोलले नव्हते. हे आले नाहीत. दिवसभर तिकडे दौंडला भीमेच्या काठावर बसून होते, माझ्या भावाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "दशक्रियेला अजून अवकाश आहे. अर्ज देऊ, सकाळपुरती परवानगी मागू." परवानगी मिळाली. पण फिर्यादीशी न बोलण्याची अट तशीच राहिली. निघताना साहेबांनी मला थांबवलं.

"ताई, दशक्रियेला माइक असतो ना?"

"व्हय."

"ह्यांना म्हणावं, माइकच्या जवळ जाऊ नका."

मला तेव्हा नीट उमगलं नाही.

दशक्रिया घोडनदीच्या काठावर होती. मंडप, सतरंज्या, पुढाऱ्यांच्या गाड्या. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आमचे हे पुरुषांत अगदी कडेला मान खाली घालून बसले होते. चुलतदीर पुढे, घाटाच्या पायरीवर. हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण हात अजून वाकडाच धरायचे.

शेवटी कारखान्याच्या राजकारणातले एक आप्पा उठले. भला माणूस, पण माइक हातात आला की सोडायचे नाहीत. थोरल्या आईंबद्दल बोलता बोलता म्हणाले, "मंडळी, त्या माउलीच्या आत्म्याला शांती कवा मिळंल? दोन्ही लेकरं एक झाल्यावर! या, दोघंबी म्होरं या. धाकल्यानं थोरल्याची माफी मागावी, थोरल्यानं पोटात घालावी. आत्ता, सगळ्यांम्होरं!"

लोक माना डोलवायला लागले. पोरांनी मोबाईल वर धरले. आणि मला साहेबांचा शब्द उमगला. हे माइकवर माफ कर म्हणाले की अट मोडली, आणि मी मारलं असं कबूलही झालं, मोबाईलमध्ये कायमचं. नाही म्हणाले तर थोरल्या आईच्या पिंडासमोर अख्ख्या गावात तोंड काळं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि हे उठले. मी ह्यांना ओळखते. हे माफी मागणार होते.

कशी उठले मला सांगता येणार नाही. पदर तोंडाशी धरून बायकांमधून वाट काढत ह्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. आप्पा म्हणाले, "सूनबाई, तू गं कशाला?"

मी बोलले, पण कुणाला ऐकू गेलं नाही. आप्पांनी माइक माझ्याकडे केला. माझाच आवाज नदीच्या पलीकडून परत आला तशी मी दचकले.

"ह्यांना कोर्टानं बोलायची मनाई केलीय. थोरल्या आईला पाणी द्यायला आलोत. तेवढंच करू द्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "मुकी बोलली की रं!" आणि एक दोघे हसले. आप्पा माइक धरून तसेच उभे. तेवढ्यात चुलतदीर पायरीवर थोडे सरकले. नुसते सरकले, एका माणसापुरते. तोंड नदीकडेच. हे जाऊन त्या जागेवर बसले. भटजींनी दोघांच्या ओंजळीत पाणी दिलं. दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून बसले आणि एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. पाणी दिलं आणि हे उठून थेट दौंडच्या रस्त्याला लागले.

पुढे डॉक्टरांचे कागद आले, पाइप काही निघाला नाही, कलम हलकं झालं. साहेब म्हणाले, आता कोर्टाच्या परवानगीने मिटू शकतं, फिर्यादीची इच्छा हवी. चुलतदीर आपल्या पायांनी सरकारी वकिलांकडे गेले.

जज्जसाहेबांनी त्यांना विचारलं, "स्वतःच्या मर्जीनं मिटवताय ना? आरोपीनं दबाव टाकला का? कुणाला घरी पाठवलं?"

"न्हाई साहेब," चुलतदीर म्हणाले. "आमची आई वारली तरी त्यो माझ्याशी एक शब्द बोलला न्हाई."

मी मागच्या बाकावर होते. आमच्या साहेबांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि परत कागदात डोकं घातलं.

मिटलं. आम्ही सगळे चिंचेखाली आलो. साहेब काळा कोट हातावर टाकून म्हणाले, "आता बोला, किती बोलायचं ते," आणि जिन्याकडे गेले. दोघे भाऊ उभेच. मग चुलतदीर म्हणाले,

"मोटर जळलीया."

"कवा?"

"चार दिस झालं."

"आन् मला कुणी सांगितलं न्हाई?"

"कोण सांगणार? तुझ्याशी बोलायची मनाई व्हती."

हे माझ्याकडे वळले. मला मोटरीचं माहीत होतं. पण तारखेला ह्यांच्याजवळ शेतातलं वाईट काही मी काढत नसे. त्या दिवशी दौंडच्या गाडीत कुणी बसलं नाही. भेळ तिघांनी खाल्ली, आणि मोटर वाइंडिंगला कुठे टाकायची ह्यावरून दोघांचं परत वाजायला लागलं. मी ह्यांना कोपराने ढोसलं.