उरलेल्या बोल्टांचा डबा

गाडी घरच्या घरी खोलून पुन्हा जोडली की एक-दोन बोल्ट हातात उरतातच. गाडी तर चालू झालेली असते, मग हे कुठले ते कळत नाही आणि फेकवतही नाहीत. माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात मी ते टाकत आलोय. किस्स्यांचंही तसंच होतं. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण दर रविवारी एखादा उरतो आणि डबा जड होत जातो.

आमचा ग्रुप टर्बोवाल्यांचा. म्हणजे जुन्या टर्बो डिझेल गाड्या असलेले आणि सर्व्हिस सेंटरचं तोंड बघायची इच्छा नसलेले ठाणे, कल्याण, डोंबिवलीचे पंधरा-वीस लोक. रविवारी सकाळी बाळकुमला एका कॉम्प्लेक्सच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर जमायचं, बोनेट उघडायचं, चहा प्यायचा आणि एकमेकांच्या गाड्यांना हात लावायचा. बाकी आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ले. मी डोंबिवलीच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, म्हणून सगळे मला सर म्हणतात. फिजिक्स शिकवणाऱ्याला इंजिन कळतंच, असा त्यांचा समज होता. तो मी कधी दूर केला नाही.

खरं इंजिन कळायचं ते आग्नेल अंकलना. खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. आता रिटायर्ड आहेत, रविवारी चर्चमधून परस्पर प्लॉटवर येतात, तेही इस्त्रीच्या शर्टात. मला ते एकटेच मास्तर म्हणतात. बोलतात कमी.

* * *

अंकलचा एक नियम ग्रुपमध्ये सगळे पाळतात. टर्बो हा इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा आणि त्याचा जीव तेलात. गाडी थांबली तरी तो आत फिरत असतो. लगेच चावी फिरवली तर तेल बंद आणि पंखा कोरडाच फिरतो. म्हणून पोचल्यावर एक मिनिट इंजिन चालू ठेवून नुसतं बसायचं. "एक मिनिट त्याला तेल पिऊ दे, मग उतर," असं अंकल म्हणायचे.

मी हे इमानेइतबारे करायला लागलो. रोज संध्याकाळी कॉलेजातून आलो की पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसायचो. महिनाभराने सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. चहा झाला, पाण्याच्या टाकीचा विषय झाला, मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "सर, वॉचमन सांगत होता. घरी यायची इच्छा होत नाही का तुम्हाला? काही असेल तर बोला. मी पण त्यातून गेलोय."

आतून बायकोचा आवाज आला, "त्यांना सांगा, एका मिनिटाने माझं काही बिघडत नाही. तासभर बसले तरी चालेल."

* * *

कल्याणला स्टेशनजवळच्या गल्लीत अस्लमभाईंचं पार्ट्सचं दुकान आहे. एवढंसं दुकान, पण आमच्या गाड्यांचं काहीही तिथे मिळायचं. एकच अडचण होती, तो माणूस पार्ट विकायला तयार नसायचा. आधी विचारायचा, "पुराना पार्ट लाये हो?" जुना पार्ट काउंटरवर ठेवला नाही तर नवा हातात पडत नसे. जुना उलटसुलट बघणार, वास घेणार, आणि निम्म्या वेळा, "ये अच्छा है, साफ करके लगा दो," म्हणून परत देणार.

एकदा माझ्या गाडीचा पिकअप गेला. चढावर बैलगाडीसारखी चालायची. मी यूट्यूबवर अभ्यास करून टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा बूस्ट सेन्सर बदलला. फरक नाही. दुसरा बदलला. तिसरा घ्यायला गेलो तेव्हा अस्लमभाईंनी मागचे दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी मांडले आणि म्हणाले, "सर, इनमें खराब कौन सा है, बताओ." मी दोन्ही उलटून बघितले. "पहले बीमारी ढूंढके आओ. मैं दवा बेचता हूं, डॉक्टर नहीं हूं."

मला राग आला. गिऱ्हाइकाला कुणी असं बोलतं का? ग्रुपवर मी दोन परिच्छेद लिहिले, की हल्ली दुकानदारांना ज्ञान नाही. अस्लमभाई ग्रुपवर होते. त्यांनी नमस्काराचा हात टाकला.

रविवारी अंकलनी माझ्या गाडीचा टर्बोला जाणारा हवेचा पाइप काढला, आत दोन बोटं घातली आणि एक पिवळं फडकं बाहेर ओढलं. फिल्टर साफ करताना आत धूळ जाऊ नये म्हणून ते मीच कोंबलं होतं! घरी नेलं तेव्हा बायको म्हणाली, "मिळालं का? धुवून द्या, चांगलं आहे अजून."

त्या दिवशी मी अस्लमभाईंना फोन करायला हवा होता. हसण्यावारी नेलं.

* * *

मोहन्याचा शेखर आमच्यातला सगळ्यात तरुण. एका डायग्नोस्टिक लॅबचे रिपोर्ट पोचवायची त्याची नोकरी. त्याने जुनी टर्बो गाडी घेतली ती एकाच कारणासाठी, वडिलांना एकदा स्वतःच्या गाडीने गावी न्यायचं म्हणून. वडील, म्हणजे अण्णा, मोहन्याच्या कारखान्यात होते. जन्मभर गुहागरकडच्या गावी एसटीने गेले. आता गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नव्हती. शिमग्याला गावात पालखी घरोघर येते, आणि चार वर्षं पालखी त्यांच्या बंद दारासमोरून पुढे गेलेली.

अण्णा रविवारी शेखरबरोबर प्लॉटवर यायचे. फोल्डिंगच्या खुर्चीत बसून सगळं बघायचे. एकदा मी त्यांना टर्बो समजावला, चांगला पाऊण तास, हवेच्या दाबासकट. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे जो धूर टाकून द्यायचा त्यालाच कामाला लावलाय. आमच्या कारखान्यात साहेबांना हे सुचलं नाही, ते आम्हालाच टाकून देत होते."

त्या वर्षी माघ संपत आला तशी अण्णांनी बॅग भरून दाराशी ठेवली. "पालखी दारात येते तेव्हा दार उघडायला आपण असलो पाहिजे," एवढंच म्हणायचे.

* * *

निघायच्या दोन दिवस आधी शेखरच्या टर्बोला तेल झिरपायला लागलं. टर्बोला तेल पोचवणारा बारीक पाइप असतो, तो खराब झालेला. शेखर अण्णांना घेऊन अस्लमभाईंकडे गेला, जुना पाइप दाखवला, नवा आणला. अंकल मुलीकडे वसईला गेलेले, नातवाचा बाप्तिस्मा होता. म्हणून शेखरने मला व्हिडिओ कॉल केला.

"सर, पाइपबरोबर पॅकिंग दिलंय. नुसतं तेवढंच लावू का?"

मी म्हणालो, "नुसत्या पॅकिंगवर कोकणात जाणारेस? गळती बुजवायचं ते लाल सीलंट लाव वरून."

त्याने लावलं. मोबाईलच्या स्क्रीनवर मला ते कमी वाटलं. "अजून लाव रे. कंजूषपणा कशाला?"

त्याने अजून लावलं.

शनिवारी सकाळी निघाले. वडखळच्या अलीकडे गाडीने शिट्टी मारली, पांढरा धूर सोडला आणि संपली. टर्बो जाम. टोइंगच्या ट्रकवर गाडी परत आली. अण्णा मांडीवर बॅग घेऊन ट्रकच्या केबिनमध्ये बसलेले. शेखरचा चेहरा बघून ते म्हणाले, "अरे, उंचावरून रस्ता छान दिसतो."

पालखी आली त्या दिवशी शेजाऱ्यांनी गावाहून व्हिडिओ कॉल लावला. अण्णांनी मोबाईल देवाजवळच्या पाटावर उभा केला आणि हात जोडले. मी तिथेच होतो, धीर द्यायला म्हणून गेलेलो. नेटवर्क मधेच अडकलं आणि पालखी त्यांच्या दाराशी आली तेव्हा स्क्रीन थिजली. अण्णा हात जोडून तसेच थांबले.

पुढचा शिमगा त्यांनी पाहिला नाही. त्याच पावसाळ्यात गेले.

* * *

आता मी काय केलं ते सांगतो.

गाडी परत आली त्याच दुपारी मी ग्रुपवर लिहिलं: 'पाइप डुप्लिकेट होता. आत अडथळा असणार. कल्याणहून कुणी काही घेऊ नका.' कुणी विचारलं नव्हतं. तरी लिहिलं, कारण आपण सर. शेखर तसाच उठून दुकानात गेला आणि चार गिऱ्हाइकांसमोर अस्लमभाईंना वाटेल ते बोलला. अस्लमभाईंनी या वेळी पाइप बघायलाही मागितला नाही. दोन दिवसांनी अस्लमभाई ग्रुप सोडून गेल्याची ओळ दिसली. त्यानंतर आमच्यातलं कुणी तिकडे गेलं नाही.

पुढच्या रविवारी अंकलनी तो टर्बो प्लॉटवर खोलला. शेखर कामावर होता, आम्ही दोघंच होतो. पाइप आतून स्वच्छ होता. तेल शिरायचं भोक मात्र बुजलेलं. अंकलनी टोकदार तारेने आतलं बाहेर काढलं. लाल सीलंटचा तुकडा. डाळीच्या दाण्याएवढा.

"किती लावलेलं?" अंकलनी विचारलं.

"मी फोनवर बघत होतो," मी म्हणालो.

त्यांनी तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "हे तू सांगायचं, मास्तर. माझ्याकडून नको."

मी तो डब्यात टाकला. वाटलं, आज नको, पोरगा आधीच खचलाय. मग अण्णा आजारी पडले, तेव्हा कसं सांगणार? मग अण्णा गेले. दहाव्याला शेखर माझा हात धरून म्हणाला, "सर, त्या दिवशी तुम्ही तासभर फोनवर थांबलात. एवढा वेळ कोण देतं हो?" मी त्याच्या खांद्यावर थोपटलं. माझ्या आयुष्यात मला कशाची लाज वाटते असं कुणी विचारलं, तर मी हे थोपटणं सांगेन.

अंकल बरेच दिवस दर रविवारी विचारायचे, "सांगितलंस?" मग त्यांनी विचारणं सोडलं. चहाचा ग्लास तेवढा न बोलता पुढे करायचे.

* * *

या वर्षी माघ संपता संपता शेखरचा ग्रुपवर मेसेज आला. अंकलनी त्याला दुसरा टर्बो बसवून दिलाय, गाडी चांगली चालतेय. या शिमग्याला तो एकटाच गावी जाऊन दार उघडणार होता. खाली विचारलेलं, 'सर, निघायच्या आधी काय काय चेक करू?'

रविवारी मी प्लॉटवर न जाता डबा घेऊन मोहन्याला गेलो. शेखर चाळीसमोर गाडी धूत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सीलंट, तुकडा, अंकल, ग्रुपवरचा मेसेज, सगळं. त्याने नळ बंद केला आणि हात पुसत राहिला.

"अण्णा म्हणालेले," तो म्हणाला.

"काय?"

"की हा माणूस फसवणारा नाही. पाइप देताना त्याने दोन्हीकडून फुंकून बघितलेला, कपड्याने पुसून दिलेला. अण्णा तिथेच उभे होते ना. मी त्यांना बोललो, तुम्हाला काय कळतं टर्बोमधलं. सर सांगतात ते खोटं काय? नंतर तीन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही."

मी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"ग्रुपवर टाका आधी," शेखर म्हणाला.

मी तिथेच मोबाईल काढला. 'शेखरचा टर्बो माझ्या सल्ल्यामुळे गेला. पाइप चांगला होता. अस्लमभाईंची काहीही चूक नव्हती.' शेखरने माझ्या हातातून मोबाईल घेऊन ते दोनदा वाचलं, मग स्वतःच पाठवलं. "बसा गाडीत," म्हणाला.

आम्ही कल्याणला पोचलो. दुकान उघडं होतं. त्याने गाडी बरोबर दारासमोर उभी केली. मी दाराला हात घातला तर म्हणाला, "बसा सर. एक मिनिट."

इंजिन चालू होतं. समोर काउंटरमागे अस्लमभाई कुठलासा पार्ट पुसत होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, गाडीतल्या आम्हा दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा पुसायला लागले. मी डबा मांडीवर धरून बसलेलो. टोइंगच्या ट्रकमध्ये अण्णा बॅग घेऊन बसलेले, ते आठवलं.

शेखरने चावी फिरवली. "जा," म्हणाला. तो उतरला नाही.

मी काउंटरपाशी गेलो. "अस्लमभाई, वो शेखर की गाडी का..." मी सुरुवात केली.

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारतात त्याच आवाजात विचारलं, "पुराना पार्ट लाये हो?"

मी डब्याचं झाकण उघडलं, बोल्टांच्या खालून तो लाल तुकडा शोधून काढला आणि काउंटरवर ठेवला.