आबांना लागलेलं वळण

माझे चुलते आबा वारल्यावर कुत्रा झाले, आणि त्याला जबाबदार मी आहे.

निजामाच्या राजवटीतली ही गोष्ट. तीर्थपुरीजवळच्या खेड्यात आमचं घर. घरात आबा, काकू, मी आणि नुकतीच लग्न होऊन आलेली माझी बायको गोदा. आबा अंथरुणाला खिळले त्याच सुमारास मी एका धनगराकडून काळं पिल्लू आणलं. गोदाने पहिल्याच दिवशी विचारलं, "अहो, ह्याला भाईर जायचं कव्हा शिकवणार?"

"मोठं होऊ दे की," मी म्हणालो. "एवढ्याशा जिवाला काय कळतं?"

पिल्लू पोतं भिजवी, चुलीपुढची जमीन भिजवी, एकदा तर माझी टोपीही. मी गुपचूप पुसून घेई आणि त्याच्या मोठं होण्याची वाट बघे. तेवढ्यात आबा गेले.

आमच्याकडे एक चाल आहे. जिथे माणसाचा जीव गेला तिथे दिवा लावायचा, शेजारी पीठ पसरायचं आणि त्यावर टोपलं पालथं घालायचं. सकाळी टोपलं उचलून पिठात कोणाची पावलं उमटली ते बघायचं. मुंगी, पाखरू, जे असेल तो मेलेल्याचा पुढचा जन्म.

त्या पहाटे मी पाणी प्यायला उठलो आणि माजघराच्या दारातच थिजलो. दिव्याची वात बारीक झाली होती. आबांच्या खाटेखाली ते टोपलं आपोआप हळूहळू सरकत होतं. थोडं सरकायचं, थांबायचं, आतून श्वास घेतल्यासारखा आवाज यायचा. मग पुन्हा सरकायचं, माझ्याच दिशेने.

मी हात जोडले. "आबा," मी म्हणालो, "तुमच्या बटव्यातली तंबाखू मीच चोरायचो. माफ करा." टोपलं थांबलं. (मला वाटलं, आबा विचार करताहेत.) मग त्याच्या कडेखालून एक काळी शेपटी बाहेर आली.

मी पिल्लू ओढून काढलं, टोपलं होतं तिथे ठेवलं आणि आत न बघताच त्याला घेऊन गोठ्यात पळालो. बघायला हवं होतं.

सकाळी भावकी जमली. भावकीतले वडीलधारे दाजीबा. त्यांनी टोपलं उचललं आणि वाकून बघितलं. पिठात चार बोटांची पावलं होती. मधोमध पीठ भिजून गोळा झाला होता.

"कुत्र्याचा जन्म," दाजीबा हळू आवाजात म्हणाले. "आन हे बघा, वलं झालंय. आबा रडून गेले."

ते पाणी कसलं हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात पिल्लू गोठ्यातून दुडुदुडू आलं आणि थेट आबांच्या खाटेखाली जाऊन बसलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. आबा गेल्यापासून काकूंनी अन्नाला हात लावला नव्हता. त्या उठल्या, दुधात भाकरी कुस्करून पिल्लापुढे ठेवली. त्याने खाल्लं. मग काकूंनीही चार घास खाल्ले.

आता सांगा, मी खरं कसं बोलायचं? बोललो असतो तर काकूंचा घास पुन्हा बंद झाला असता.

त्या दिवसापासून पिल्लाला "हाड" म्हणायची बंदी आली. ज्यांच्यासमोर मी जन्मभर मान खाली घालून उभा राहिलो, त्यांना कुठे बसावं हे कसं शिकवणार? आबांचे दोस्त करीमचाचा रोज भेटायला यायचे. ते अंगणातूनच लांबून बघायचे. "हमारे में ऐसा मानते नहीं," ते मला म्हणाले, "मगर आबा का कुछ भरोसा नहीं." आणि जाताना हळूच सलाम करून गेले.

पुढच्या आठवड्यात पिल्लाने दाजीबांचा जोडा भिजवला. दाजीबांचा चेहरा पांढरा पडला.

"बांधाचं मनात ठेवलं व्हतं त्यांनी," ते पुटपुटले. दाजीबांनी मागे आमच्या शेताचा बांध कोरून जमीन आपल्याकडे ओढली होती. दोनच दिवसांत बांध मूळ जागी आला. माझ्या एका खोट्यापायी आता जमीनसुद्धा सरकायला लागली होती! माझी भूक मेली. काकू मात्र पोटभर जेवत होत्या.

आणि मग पिल्लू बदललं.

एकाएकी त्याचं भिजवणं थांबलं. ते उंबऱ्याशी जाऊन उभं राही, कोणी दार उघडेपर्यंत. ताट पुढे आलं तरी काकू "हं" म्हणेपर्यंत तोंड लावत नसे. मी त्याला काहीच शिकवलं नव्हतं. गोदाने तर भीतीने त्याच्याकडे पाठ करणंही सोडलं.

एका संध्याकाळी मी शेतावरून आलो. दिवे लागायचे होते. अंधारलेल्या माजघरातून काकूंचा दबका आवाज आला.

"अहो. तिथं न्हाई."

मी दाराआडच थांबलो.

"किती डाव सांगायचं? भाईर म्हणलं ना, भाईर." मग नखांची टकटक. "आता बसा. उठायचं न्हाई. बिलकुल न्हाई. हां, आता बरं."

मी आत डोकावलो. आबांच्या रिकाम्या खाटेसमोर काकू बोट उगारून उभ्या होत्या, आणि अंधारात दोन डोळे त्यांच्याकडे टक लावून होते. माझ्या खोट्याने काकूंचं डोकं फिरलं, दुसरं काय? मी तिथेच त्यांचे पाय धरले.

"काकू, ते आबा न्हाईत. पिल्लूच टोपल्याखाली गेल्तं. आन पिठात पाणी... ते रडणं नव्हतं, काकू."

"ठाव हाय मला," काकू म्हणाल्या. "मी जागीच व्हते. तू तंबाखूची माफी मागून राह्यला व्हतास."

मला तोंड लपवायला जागा सापडेना. "मंग तुम्ही बोलला काऊन न्हाई?"

"दाजीबा म्हणला, ते रडून गेले." काकू खाटेच्या कडेला टेकल्या. "एवढा संसार झाला, माझ्यापायी कधी डोळ्यात पाणी न्हाई आलं त्यांच्या. खोटं का व्हईना, ऐकाया बरं वाटलं. मंग जेवले. आन बांध बी आला, ते कसं सोडायचं?"

"आन ह्याला हे शिकवणं?"

"ह्यांना वळण लावाया मला उशीर झाला रे. मोठे व्हते, मी ल्हान. आज सांगू, उद्या सांगू, करता करता जलम गेला. ह्याला तू ल्हान हाय म्हणून सोडला व्हतास, म्या लगेच धरला."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. इतक्यात पिल्लू उठलं. दाराशी गेलं, रिकाम्या अंगणाकडे बघून शेपटी हलवली आणि कोणाला तरी आत येऊ द्यावं तसं अंग चोरून बाजूला सरकलं. मग आत येणाऱ्याला बघावं तशी त्याने दारापासून खाटेपर्यंत हळूहळू मान वळवली.

"हे पण तुम्हीच शिकवलं?" मी विचारलं.

काकू खाटेवरून झटकन उठल्या. "न्हाई," त्या म्हणाल्या. "हे न्हाई."

मग काकूंनी पदर सारखा केला, खाटेकडे बघून "आता आलात तर पाय धुऊन बसा," एवढं म्हटलं आणि दिवा लावायला गेल्या.

मागे वळलो तर स्वयंपाकघराच्या दारात गोदा उभी. तिने सगळं ऐकलं होतं. आबा आले की नाहीत याच्याशी तिला काही देणंघेणं दिसलं नाही. ती माझ्या चिखलाच्या पायांकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "भाईर."

पिल्लू दिवाळीपर्यंत पूर्ण शिकलं. माझं अजून चालू आहे.