आठ दिवे आणि उलटी माळ

"हा आमचा कार्डं पाडणारा. खोकं उचलायला आणलाय," धाकटे मालक पाहुण्यांना म्हणाले. पाहुणे हसले. प्रदर्शनातल्या टेबलावर पाटी होती. पाटीवर मालकांचं एकट्याचं नाव.

खोक्यातलं यंत्र मी केलं होतं.

मी दुधनीचा. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायचो. जशी भोकं, तशी मागावर नक्षी उठते. जुन्या बाजारात घासाघीस करून मोडक्या रेडिओतले ट्रान्झिस्टर आणले. पहिला तारेला झाळताना जळाला. दुसराही. आठव्या दिवशी एक दिवा लागला. महिन्याने दोन दिवे आळीपाळीने लुकलुकले. मग वाटलं, मागाला कार्ड सांगतं, तर दिव्यांनाही सांगेल. भोक आलं की पितळी पट्टी खालच्या तारेला टेकायची, दिवा लागायचा. एकापुढे एक ओवलेल्या माझ्या कार्डांवर आठ दिवे एकेक करून लागायला लागले.

धाकटे मालक इंजिनिअरिंग शिकलेले. रविवारी माझ्या खोलीवर यायचे. इंग्रजी पुस्तकातल्या आकृत्या समजावायचे. माझ्या ताटातली भाकरी खायचे. "हे आपल्या दोघांचं," हे त्यांचेच शब्द. मी त्यांना अण्णा म्हणायचो. मनापासून.

प्रदर्शनात कार्डांची माळ त्यांनी चढवली. उलटी. कारखान्याचे मालक, पण माळ कधी हाताने ओवलेली नाही. एकेक करून लागायचे ते आठही दिवे आधी एकदम लागले आणि मग एकेक करून विझत गेले.

"विझतायत का हो?" एका पाहुण्याने विचारलं.

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ए, बघ रे काय झालंय."

माझा हात पुढे गेला. तसाच मागे घेतला.

"पाटीवर ज्याचं नाव हाय, त्यानं बघावं की."

कुणी हसलं नाही. मी माळ उतरवली, गुंडाळली, यंत्राचं खोकं उचललं आणि बाहेर पडलो.

ते मागे धावत आले. "मुकादम करतो तुला. अजून काय पाहिजे, बोल."

जन्मात पहिल्यांदा मी घासाघीस केली नाही. एकच भाव सांगितला. "मालक, पाटीवर माझं नाव लिवा. आत्ता. समद्यांसमोर."

"लोक काय म्हणतील?"

एवढंच बोलले. वर्षभर माझी भाकरी खाल्लेला माणूस.

दुसऱ्या दिवसापासून त्या कारखान्यात गेलो नाही. आता ठरलंय. मी केलेलं यंत्र मी चालवणार, मीच समजावून सांगणार. जिथे मला उभं राहायला जागा नाही, तिथे माझं यंत्र जाणार नाही.